गावाभोवतीचे पक्षी टिपायचेत? आधी बसायला शिका

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला वीज आणणारी एक तार आहे. दोन खांबांच्या मधे तिला थोडा झोल पडलाय आणि त्या झोलाच्या जरा अलीकडे सकाळी साडेसातच्या सुमाराला एक वेडा राघू येऊन बसतो. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेल्या. तिथून सूर मारतो, हवेत माशी पकडतो, गोल फिरून पुन्हा त्याच जागी येतो. मग ती माशी तारेवर आपट-आपट आपटतो आणि गिळतो. मधमाशी असेल तर जरा जास्तच घासतो, कारण नांगी काढायची असते.

हातात कॅमेरा आल्यावर पहिलं दीड वर्ष मी अशा पक्ष्यांच्या मागे धावले. बांधावरून, ओढ्यातून, काट्याकुट्यांतून. हाती आल्या त्या उडून चाललेल्या शेपट्या. पक्ष्याच्या मागे जायचं नसतं, त्याची बसायची जागा शोधून तिथं त्याच्या आधी जाऊन बसायचं असतं, हे त्या तारेवरच्या राघूमुळे कळलं. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात आहे. माळ, ऊस, ओढा आणि थोड्या अंतरावर उजनीचं पाणी. तुमच्याकडे भातखाचरं असतील, नाहीतर आमराया असतील. पक्षी बदलतील, रीत तीच.

पहिली पायरी : आठ दिवस कॅमेरा घरीच ठेवा

खरंच ठेवा. घरापासून चालत दहा मिनिटांत जाता येईल अशी एकच जागा निवडा: विहीर, गावतळं, ओढ्यावरचा पूल, गोठ्यामागचा उकिरडा. उकिरड्याला नाक मुरडू नका. हुदहुद, धोबी, साळुंक्या, वंचक सगळे तिथं येतात, कारण किडे तिथं असतात.

रोज अर्धा तास तिथं बसा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: कोण आलं, किती वाजता, कुठे बसलं. पाचव्या-सहाव्या दिवशी वही बोलायला लागते. खंड्या अमुक एका खुंटावर येतो. कोतवाल म्हशींबरोबर येतो आणि म्हशींबरोबरच जातो. पिंगळ्याची जोडी चिंचेच्या ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसते.

नाव येत नसेल तर आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पुस्तक मग. मी एकदा माळावर फोटोतला पक्षी मेंढरांमागच्या आजोबांना दाखवला. "ही व्हय? ही धावती की नुसती. उडायचा आळस हिला," म्हणाले. तो धाविक होता, आणि त्या एका वाक्यात त्याची अर्धी ओळख होती. मारुती चितमपल्लींनी वर्षानुवर्षं रानात राहून अशी लोकांच्या तोंडची नावं जमवली. आपल्या गावातलीही कुणीतरी लिहून ठेवायला हवीत.

दुसरी पायरी : जे हातात आहे त्यावर सुरुवात

फोन असेल तर फोन. फोनने लांबचा पक्षी येत नाही, मग पक्ष्याला जवळ येऊ द्या. अंगणात मातीची पसरट परात ठेवा. पाणी दोन बोटं खोल, त्याहून जास्त नको, आणि मधे एक खडबडीत दगड. शेजारी एक वाळकी फांदी रोवा, कारण पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी फांदीवर बसून चौफेर बघतो. तुम्हाला फोटो त्या फांदीवरचाच मिळणार आहे. फांदीच्या मागे दहा-पंधरा फूट मोकळं ठेवा, म्हणजे मागचं कुंपण धूसर होऊन जातं. पुढे एका विटेला टेकवून फोन ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि आत निघून जा. नंतर त्या व्हिडिओतून हवी ती चौकट काढून घ्या. बुलबुल, दयाळ, चिमण्या, साळुंक्या यांच्यासाठी एवढं पुरतं. परात रोज घासून पाणी बदला, आणि मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ठेवू नका.

पैसे घालायचे असतील तर दोन वाटा. एक, मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा. निकॉनच्या पी ९५० सारख्या कॅमेऱ्याला ८३ पट झूम आहे आणि लेन्स बदलायची भानगड नाही. उजेड चांगला असेल तर तो बसलेल्या पक्ष्याचे छान फोटो देतो, पण संध्याकाळी आणि उडत्या पक्ष्यावर कमी पडतो. दुसरी वाट म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्यावर आधी ७०-३०० मिलिमीटरसारखी हलकी लेन्स घ्या आणि आवड टिकली तर वर्षा-दोन वर्षांनी १५०-६००. वापरलेली लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात ती लागतेच, म्हणून जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि वाऱ्यात, माळावर, लेन्स बदलू नका.

तिपाईची घाई नको. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, तिच्यात दीड-दोन किलो ज्वारी भरा, तोंड शिवून टाका. बांधावर, कठड्यावर, गाडीच्या खिडकीवर ती पिशवी टाकून वर लेन्स ठेवली की हात थरथरत नाही. चार वर्षं मी तीच वापरतेय.

तिसरी पायरी : चार आकडे, बाकी नंतर

कॅमेऱ्यातले सगळे मेनू पहिल्याच आठवड्यात शिकायला गेलात तर कंटाळाल. एवढं लावून ठेवा.

शटर स्पीड (फोटो किती वेळात टिपला जातो): बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० किंवा वर. वेडा राघू, पाकोळी असल्या चपळ पक्ष्यांना १/३२०० सुद्धा.
अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक): लेन्स देईल तेवढं उघडं, म्हणजे ५.६ किंवा ६.३.
आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा): ऑटो, वरची मर्यादा ३२००. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात. हललेला फोटो मात्र काही करून दुरुस्त होत नाही.
फोकस: सतत पाठलाग करणारा, आणि बिंदू डोळ्यावर. पक्ष्याचा डोळा तीक्ष्ण आला की बघणाऱ्याचं बाकी धूसरपणाकडे लक्षही जात नाही.

पाचवी एक गोष्ट आहे आणि ती गावाकडे फार लागते: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. हिरव्या लुसलुशीत रानात बगळा टिपलात तर त्याची पिसं चुन्यासारखी सपाट पांढरी येतात. तेव्हा उणे ०.७ किंवा उणे १ करा. उलट तारेवर आभाळाच्या पुढ्यात कोतवाल बसला असेल तर नुसती काळी सावली येते. तिथं अधिक १. कोतवालाच्या काळ्यात निळी चमक असते आणि चोचीच्या मुळाशी एक इवलासा पांढरा ठिपका. तो ठिपका दिसला म्हणजे आकडा बरोबर लागला.

चौथी पायरी : बसायचं कसं

सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळात, विशेषतः उन्हाळ्यात, माळावरची हवा तापून थरथरते. त्या हवेतून काढलेला फोटो लाखाच्या लेन्सनेही पाण्यात बुडाल्यासारखा येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो, घरी या.

सूर्य पाठीशी घ्या हे सगळेच सांगतात. मी म्हणेन वाराही पाठीशी घ्या. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि उतरतोही तसाच, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे येतं. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे बऱ्याचदा वारा पूर्वेकडून असतो, सूर्यही तिकडेच. म्हणून मला वर्षातला तोच काळ सगळ्यात आवडतो.

अंगावर मळकट रंग. त्याहून चांगलं, घोंगडं. खांद्यावरून घोंगडं घेऊन बोरीच्या नाहीतर बाभळीच्या बुडाशी बसलात की माणसाची आकृतीच मोडते. मोठ्या आकारापेक्षा डोकं-खांदे-दोन पाय ही आकृती पक्ष्याला जास्त खुपते.

जवळ जायचंच असेल तर सरळ चालत जाऊ नका. तिरके जा, भलतीकडेच चालल्यासारखे, मधे थांबत. पक्ष्याने चोच पिसांतून काढून मान ताठ केली की थांबा. तो परत पिसं विंचरायला लागेपर्यंत हलायचं नाही. पुढे झुकला, शिटला, की समजा उडणार, तेव्हा बोट बटणावर ठेवा. आणि जमिनीवरच्या पक्ष्यासाठी जमिनीवर या. उभ्याने काढलेला धोबी खेळण्यातला वाटतो. पोटावर झोपून, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलात तर तोच धोबी ओढ्याचा मालक दिसतो.

गावातल्या माणसाला शहरातून येणाऱ्यापेक्षा एक मोठा फायदा आहे. आपली जनावरं, आपला ट्रॅक्टर पक्ष्यांच्या ओळखीचे असतात. रोटाव्हेटर चालू असताना मागे गायबगळे किती जवळ येतात पाहिलंय ना? म्हशींच्या कळपाबरोबर, त्यांच्याच चालीने, मधेच थांबत चाला. मी अशी एकदा म्हशीच्या पलीकडून तिच्या पाठीवरच्या कोतवालाचे फोटो काढले. अंतर जेमतेम दहा फूट. म्हशीने शेपूट हलवून माशा उठवल्या की तो हवेतल्या हवेत उचलायचा आणि पुन्हा पाठीवर. पण आधी म्हशीच्या मालकाला सांगा. दुसऱ्याच्या रानात जाताना तर हटकून विचारा, "मामा, तुमच्या बांधावर तासभर बसू का?" एकाने मला नाही म्हटलेलं आठवत नाही. उलट पुढच्या वेळी तेच हाक मारून सांगतात, काल इथं काय बसलं होतं ते.

पाचवी पायरी : घरट्यापासून लांब

हे मी अनुभवाने सांगतेय, आणि तो अनुभव चांगला नाही.

चैत्रातली गोष्ट. नांगरून ठेवलेल्या रानात टिटवीची चार अंडी सापडली. ढेकळांच्याच रंगाची, टोकं आत करून मांडलेली. मी वीस पावलांवर उभी राहिले. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती आणि मला वाटलं, छान, उडतानाचे फोटो मिळतायत. पाऊण तास तशीच उभी होते. त्या पाऊण तासात अंडी उघड्या उन्हात होती. टिटवी उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. ते तिला करता आलं नाही. शेजारच्या लिंबावर एक कावळा बसून सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी तिथं दोनच अंडी होती. ते फोटो मी ठेवले नाहीत.

वेड्या राघूंबद्दल पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. राघूचं घरटं म्हणजे ओढ्याच्या दरडीतलं नाहीतर मातीच्या ढिगातलं बीळ. माणूस जिथून ते बीळ पाहू शकतो अशा जागी उभा असेल तर राघू आत जायचं टाळतो. माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी असेल तर जास्त बिनधास्त आत जातो. म्हणजे आपल्याला काय दिसतंय याचा त्याला अंदाज असतो. म्हणून फेब्रुवारी ते जूनमध्ये राघू तोंडात किडा धरून तारेवर नुसताच ताटकळत बसलेला दिसला, तर तो तुमच्यासाठी फोटोला बसलेला नाही. बिळातली पिल्लं उपाशी आहेत आणि तुम्ही वाटेत आहात. उठा, शंभर पावलं मागे जा.

कायदाही हेच सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नि घरटी विस्कटणं येतं. फोटोत आड येते म्हणून घरट्यापुढची फांदी मोडणारे लोक मी पाहिलेत. ती फांदी म्हणजे पिल्लांची सावली असते आणि शिकऱ्यापासूनचा आडोसाही.

आणखी दोन गोष्टी करू नका. फोनवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा कुणी हद्दीत शिरलाय, आणि तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. आणि रात्री पिंगळ्यावर, घुबडावर फ्लॅश मारू नका. घुबडाच्या ढोलीचा, खोकडाच्या बिळाचा पत्ता फोटोबरोबर टाकूही नका, फोनमधलं लोकेशन बंद करा. दिवाळीच्या आधी घुबडांची चोरटी शिकार होते. तुमचा फोटो तिथवर पोहोचायला दोन फॉरवर्ड पुरतात.

सहावी पायरी : जनावरं, आणि तुमची स्वतःची काळजी

मुंगूस, ससा, घोरपड, खोकड ही सगळी गावाभोवती असतात, पण त्यांचे फोटो बहुतेक वेळा पक्ष्यांची वाट पाहतानाच मिळतात. मुंगसाचा मार्ग ठरलेला असतो. कुंपणाच्या ज्या भोकातून सकाळी गेला त्यातूनच परततो. खोकडाची शेपटी टोकाला काळी असते, तेवढ्यावरून संधिप्रकाशातही ओळखू येतं. त्याच्या बिळाशी बसू नका, तो संध्याकाळी ज्या पायवाटेने माळावर चरायला निघतो तिथं लांबवर बसा.

उसाच्या कडेने अंधार पडताना एकटं बसायचं नाही. बिबट्या आता भीमेच्या पट्ट्यातही आहे. ऊसतोडीत रानमांजराची किंवा बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, भोवती गर्दी करू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा. आई बहुधा जवळच असते आणि रात्री येऊन घेऊन जाते. गवतात बसण्याआधी काठीने जागा झोडपून घ्या, घोणस ऊन खात पडलेली असते. पायात घोट्यावर येणारे बूट घाला. आणि बाईमाणूस असा की बाप्या, कुठल्या रानात बसणार ते घरी सांगून निघा.

सातवी पायरी : महिन्यांचा अंदाज

माघ-फाल्गुनात पानगळ झालेला पांगारा, काटेसावर, पळस फुलला की त्याच झाडाखाली आठवडाभर बसा. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, हळद्या सगळे तिथंच. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात. माळ्यावरून गोफण फिरली की तो थवा वळसे घेतो, आणि त्यासाठी लांब लेन्स लागत नाही, फोनही चालतो. वैशाखाच्या शेवटाला पावशा "पेरते व्हा" सुरू करतो, मागोमाग चातक येतो. दिवाळीनंतर धोबी, भोवत्या, चक्रवाक हे पाहुणे.

हिवाळ्यात जमलं तर भिगवणला एकदा जा. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, आणि कुंभारगाव-डिकसळकडचे मच्छीमार पहाटे नावेतून नेतात. नाव निघण्याआधीच सांगा, "मामा, थवा उठवू नका, लांबूनच थांबवा." बरेच पाहुणे थवा उठवायला सांगतात, आणि चिखलात चोच घालून खाणाऱ्या रोहितांना सकाळभर उठाबशा काढाव्या लागतात. चिंकारा पाहायचा असेल तर बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण तिथं गाडीतून न उतरता चांगले फोटो मिळतात.

फोटो घरी आणल्यावर त्याच रात्री निवडा. शंभरातले पाच ठेवा, बाकी पुसा. थोडी कातरणी, थोडा उजेड, बस. रंग भडक करू नका, नाहीतर राघूचा हिरवा रंग प्लास्टिकचा दिसतो. ठेवलेल्या फोटोला तारीख आणि जागा लिहा, आणि ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद टाका. तालुक्याच्या गावांतून अशा नोंदी फार थोड्या जातात, त्यामुळे तुमच्या ओढ्यावरचा साधा वंचकही तिथं मोलाचा ठरतो.

आठवी पायरी : पहिल्या पावसाळ्याचा गृहपाठ

जूनपासून सुगरण धरा. एकच बाभूळ, एकच विहीर, तीन महिने. नर पिवळाधमक होतो, गवताच्या नाहीतर उसाच्या पात्याची कड चोचीने कातरतो आणि लांब चिरटी ओढत उडत येतो. तो क्षण १/२००० वर. आधी गाठ, मग कडी, मग शिरस्त्राणासारखं अर्धं घरटं. तिथं तो थांबतो आणि उलटा लटकून पंख फडफडवतो, कारण मादी बघायला येणार असते. सालिम अली यांनी अलिबागजवळ किहीमला सुगरणींचा अभ्यास करून १९३० साली दाखवून दिलं की एका मादीने घरटं पसंत केलं, की नर दुसरं बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. पसंत न पडलेली अर्धी घरटी तशीच लोंबत राहतात. त्यांचेही फोटो काढा, नोंदीला लागतात.

विहिरीच्या पलीकडच्या काठावर बसा, म्हणजे घरटी डोळ्याच्या पातळीवर येतात आणि मागे लांबचं हिरवं रान मिळतं. कठडा नसेल तर काठापासून चार हात मागे बूड टेकवून बसा. डोळा कॅमेऱ्याला असताना पाय उचलायचा नाही, आणि जागा बदलायची तर आधी कॅमेरा खाली. मादी आली की कळतंच, सगळे नर एकदम कालवा करतात. ती अर्ध्या घरट्याच्या कडीवर बसते, आत मान घालते आणि एक काडी चोचीत धरून ओढून बघते. गेल्या आषाढात मी हे अकरा दिवस पाहिलं तेव्हा एकदा नीट टिपता आलं. बाराव्या दिवशी आभाळ उघडलं, त्या घरट्याला खालून नळी विणायला सुरुवात झाली होती आणि शेजारच्या फांदीवर तोच नर नवी गाठ मारत होता.